कात्री त्यांची, लाज मात्र आपली!

‘सरंजामी’ हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडले की सरंजामी, कुलदैवताला जाऊन आले की सरंजामी आणि बापाने मुलीसाठी स्थळ पाहिले तर सरंजामीपणाचा कळसच! हा शब्द उठताबसता वापरणाऱ्यांना तो कुणी, कुणाविषयी आणि कोणत्या हेतूने वापरात आणला याची चौकशी करावीशी वाटत नाही.

पुण्यातील एका रसिक मंडळात यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा ‘बान्शुन’ हा १९४९ सालचा चित्रपट पाहण्याचा योग आला. ‘बान्शुन’ म्हणजे सरता वसंत. इंग्रजीत तो ‘लेट स्प्रिंग’ या नावाने ओळखला जातो. चित्रपट संपला, दिवे लागले. पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठ मंडळी चष्मे पुसत होती. व्यासपीठावरून चर्चेला प्रारंभ झाला तो याच शब्दाने. वक्त्यांच्या मते चित्रपटाची रचना अलौकिक, छायाचित्रण अलौकिक, अभिनय तर अलौकिकच. फक्त आशय तेवढा ‘सरंजामी मूल्यांत अडकलेला’! एका सुशिक्षित, हसऱ्या मुलीचे तिच्या मनाविरुद्ध लग्न लावून दिले जाते आणि दिग्दर्शकाला त्याचे काहीच वाटत नाही, अशी त्यांची तक्रार होती. सभागृहाने माना डोलावल्या. नंतर एका निवृत्त गृहस्थांनी उठून एक साधा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाकडे पुढे येऊच.

गंमत अशी की, हा चित्रपट ज्या चालीरीतीवर उभा आहे, तिच्याविषयी नेमका हाच शब्द पाऊणशे वर्षांपूर्वी जपानमध्ये वापरला गेला होता. तो वापरणारे कुणी समीक्षक वा समाजसुधारक नव्हते. जपानला शरण आणून त्याच्या छातीवर ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन सैन्याचे ते सेन्सॉर अधिकारी होते!

कथा तशी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. प्राध्यापक शुकिची सोमिया हे छप्पन्न वर्षांचे विधुर. टोकियोपासून जवळच्या कामाकुरा या मंदिरांच्या प्राचीन नगरीत ते आपल्या सत्तावीस वर्षांच्या मुलीसह राहतात. मुलीचे नाव नोरिको. युद्धकाळातील सक्तीच्या श्रमांनी तिची प्रकृती ढासळली होती, ती आता सावरली आहे. घर तीच चालवते आणि या आयुष्यात ती इतकी सुखी आहे की, लग्नाचा विषय निघाला की हसून उडवून लावते. तिची आत्या मासा मात्र स्वस्थ बसणारी नव्हे. (अशी एक आत्या आपल्या प्रत्येक घराण्यात असते. हारुको सुगिमुराने ती अशी काही उभी केली आहे की, चित्रपट जपानी आहे याचा विसर पडतो.) वडिलांचे सहायक हातोरी यांच्याबरोबर नोरिको सायकलवरून समुद्रकिनारी जाते, दोघांचे हसणे-बोलणे पाहून आपल्यालाही वाटते की, जमले! वडिलांनाही तसेच वाटते. ते चाचपून पाहतात, तर मुलगी खळखळून हसते. हातोरींचे लग्न केव्हाच दुसरीकडे ठरलेले आहे. मग आत्या साताके नावाच्या तरुणाचे स्थळ आणते. नोरिकोचा जीव अडकला आहे तो वडिलांत. आपण गेलो तर यांचे कोण करणार? तेव्हा वडील सांगतात की, मी पुन्हा लग्न करणार आहे. हे साफ खोटे आहे. पण त्या खोट्यानेच मुलगी उंबरठा ओलांडायला तयार होते. बापलेक क्योतोची अखेरची सहल करतात, लग्न होते आणि बाप रिकाम्या घरी परततो. खुर्चीत बसून तो सफरचंद सोलू लागतो. साल लांबत जाते, गळून पडते आणि त्याची मान खाली जाते. पुढे फक्त समुद्र.

एवढ्या साध्या कथेत सैनिकी सत्तेला खटकण्यासारखे काय होते? ते कळण्यासाठी त्या काळच्या जपानकडे पाहिले पाहिजे. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. तेव्हापासून २८ एप्रिल १९५२ पर्यंत त्या देशावर जनरल मॅकआर्थर आणि त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांची हुकमत होती. नोव्हेंबर १९४५ मध्येच चित्रपटांसाठी तेरा निषिद्ध विषयांची यादी निघाली. २३६ जुने जपानी चित्रपट बंदीच्या यादीत गेले. यापुढे प्रत्येक चित्रपटाचे कथासार व पटकथा आधी साहेबाच्या टेबलावर जायची आणि तयार झालेला चित्रपट पुन्हा तपासला जायचा. फुजी पर्वत पडद्यावर दिसला तरी त्यात राष्ट्रवादाचा वास येई आणि ती दृश्ये गाळली जात. सर्वांत मोठा विनोद असा की, देशात सेन्सॉरशिप आहे हे छापण्यासही वृत्तपत्रांना मनाई होती. आणि या सगळ्याचे नाव लोकशाहीचे शिक्षण!

त्या यादीतील सारेच चूक होते असे म्हणणार नाही. युद्धज्वर भडकवणारे चित्रपट होतेच आणि जपानी सैन्याने चीनमध्ये जे केले त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही. ओझू स्वतः १९३७ ते १९३९ या काळात चीनच्या आघाडीवर शिपाई होता. पराभूत देशातील युद्धखोरीला लगाम घालण्याचा जेत्याला अधिकार असेलही. पण हात तिथे थांबला नाही. तो स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नघरात शिरला. जपानी पडद्यावर तोवर चुंबनदृश्ये नव्हती. प्रेम उघड्यावर दाखवणे हे मोकळ्या समाजाचे लक्षण आहे, असे अमेरिकन अधिकाऱ्यांनी निर्मात्यांना पटवले आणि मे १९४६ मध्ये चुंबनाचे पहिले चित्रपट झळकले. याउलट ‘मियाई’, म्हणजे आपल्याकडचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम, हा त्यांच्या लेखी सरंजामी ठरला. कारण काय, तर त्यात व्यक्तीचे महत्त्व कमी होते! चुंबन म्हणजे लोकशाही आणि चहापोहे म्हणजे सरंजामशाही, असे हे समीकरण. आपल्याकडील किती वाहिन्या आणि किती लेखण्या आजही हेच समीकरण सोडवत बसल्या आहेत, ते वाचकांनीच मोजावे.

क्योको हिरानो या जपानी अभ्यासिकेने या काळातील सेन्सॉरच्या कागदपत्रांचा अभ्यास करून १९९२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. मियाईविषयीचे धोरण काटेकोरपणे अमलात आले असते, तर ‘बान्शुन’ निघूच शकला नसता, असा त्यांचा निर्वाळा आहे. पुढे इतरही अभ्यासकांनी या चित्रपटाच्या मूळ मसुद्याची आणि पडद्यावर आलेल्या रूपाची तुलना केली. ओझू आणि त्याचा सहलेखक कोगो नोदा यांनी दिलेल्या कथासारात नोरिकोच्या लग्नाचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून घेतलेला होता. हे चालले नाही; निर्णय एकटीचा हवा! हातोहात आणखी एक गोष्ट गेली. मूळ कथासारात बापलेक क्योतोला जातात ते मुलीला लग्नाआधी दिवंगत आईच्या समाधीचे दर्शन घडावे म्हणून. पडद्यावर हे कारण कुठेच नाही. पूर्वजपूजेकडे हे अधिकारी वाकड्या नजरेने पाहत, आणि तिच्या भीतीनेच ते गळाले असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे.

ज्या समाजात मंगलकार्याआधी पितरांचे स्मरण होते, लग्नपत्रिकेवर कुलदेवतेचे नाव पहिले असते, त्या समाजातील माणसाला या ठिकाणी वेगळे काही समजावून सांगावे लागणार नाही. उद्या सासरी जाणारी मुलगी आईच्या समाधीपुढे दोन मिनिटे उभी राहिली, तर त्याने कोणाची लोकशाही बुडते? जपानी माणूस उन्हाळ्यात ‘ओबोन’ पाळतो, पितरांना घरी बोलावतो, दिवे लावून निरोप देतो. परंपरेने या नावाचे मूळ संस्कृत ‘उल्लंबन’ या शब्दाशी जोडले आहे. ज्या धाग्याचे एक टोक आपल्या पितृपक्षात आहे, त्यावर ही कात्री चालली होती.

पण ओझू हा काही आदळआपट करणारा माणूस नव्हता. त्याने काय केले पाहा. क्योतोच्या त्या धर्मशाळावजा उतारगृहात, परतण्याच्या आदल्या रात्री, सामान बांधता बांधता नोरिको वडिलांना म्हणते की, मला तुमच्याजवळच राहू द्या, तुम्ही खुशाल लग्न करा, पण मला पाठवू नका. तेव्हा बाप तिच्या आईविषयी बोलतो. तुझी आईही सुरुवातीला सुखी नव्हती, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ती रडताना मी कितीदा पाहिली आहे, सुख लग्नाबरोबर आयते येत नाही, दोघांनी वर्षानुवर्षे ते घडवावे लागते, असे तो सांगतो. समाधीकडे जाण्याची वाट बंद झाली, तर आईच त्या खोलीत येऊन बसली!

काही फेरफार तर हास्यास्पद होते. आमचे टोकियो आता भग्नावशेषांनी भरले आहे, त्या मानाने क्योतो किती छान, असे सोमिया आपल्या मित्राच्या पत्नीला म्हणतात, असा मूळ संवाद होता. टोकियो कुणाच्या बॉम्बनी भग्न झाले हे सांगावे लागू नये म्हणून ‘भग्नावशेष’ गेले आणि टोकियो नुसते ‘धुळकट’ झाले. जपानी नौदलाच्या कामावर जुंपल्याने नोरिको आजारी पडली, या वाक्यातील नौदल गेले. नियोजित वर हॉलिवूडच्या गॅरी कूपरसारखा दिसतो, असे आत्या कौतुकाने सांगते. अमेरिकन नटाचे नाव आले म्हणून आधी तेही छाटले गेले. मग साहेबांच्या लक्षात आले की, तुलना आपल्या नटाच्या गौरवाचीच आहे. लगेच कूपरसाहेब परत आले! बापलेकींच्या आयुष्यातील आईला परत येण्याची मुभा मिळाली नाही. गॅरी कूपरला मिळाली.

आणि ते पाकीट! कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमान देवस्थानात आत्याला रस्त्यात पडलेले पैशाचे पाकीट सापडते. हा शुभशकुन मानून ती ते कनवटीला लावते; आता भाचीचे लग्न नक्की जमणार! अधिकाऱ्यांना हे पटले नाही. सापडलेली वस्तू पोलिसांकडे जमा केल्याचे दाखवा, असा आग्रह झाला. ओझूने मान तुकवली. चित्रपटात सोमिया बहिणीला पुनःपुन्हा बजावतात की, ते पाकीट पोलिसांकडे दे बरे! आत्या हो-हो म्हणते, आणि पाकीट मात्र तिच्याजवळच. समोरच्याचा हुकूम शिरसावंद्य मानून त्याच हुकमाचा असा विनोद करणे, हे सत्तेपुढे लोटांगण घालणाऱ्याचे लक्षण नाही.

सायकलींच्या त्या प्रसिद्ध प्रसंगात रस्त्याच्या कडेला इंग्रजी अक्षरांतील कोका-कोलाची पाटी ठळक दिसते. तिला मात्र कुणी हात लावला नाही. लावणार तरी कसा?

सोमिया कशाचे अभ्यासक आहेत, हेही जाता जाता पाहण्यासारखे आहे. आरंभीच ते आणि हातोरी फ्रीड्रिख लिस्ट या जर्मन अर्थचिंतकाच्या नावाचे स्पेलिंग तपासताना दिसतात. संगीतकार लिस्टच्या नावात झेड आहे, अर्थचिंतकाच्या नाही. अर्थकारणात राष्ट्र हा घटक मानणारा आणि बलाढ्य देशांच्या मुक्त व्यापाराच्या उपदेशामागील स्वार्थ उघडा पाडणारा हा लिस्ट. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्यात भारतीय अर्थशास्त्रावर जे गाजलेले व्याख्यान दिले, त्यावर याच लिस्टच्या विचारांचा प्रभाव होता. परक्या फौजेच्या अमलाखालील देशात ओझूने आपल्या नायकाच्या टेबलावर हाच लेखक ठेवावा, हा योगायोग असेल, नसेलही.

ओझूचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे आणि तो आपल्याकडील चित्रपट-अभ्यासकांच्या बोलण्यात क्वचितच येतो. १९४३ साली जपानी सैन्याने त्याला सिंगापूरला पाठवले. कामगिरी होती आझाद हिंद चळवळीवर आणि नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्यावर चित्रपट करण्याची. चित्रपटाचे नाव ठरले होते ‘देरी ए, देरी ए’, म्हणजे दिल्लीकडे, दिल्लीकडे! जुलै १९४३ मध्ये नेताजींनी ‘चलो दिल्ली’चा पुकारा केला तो त्याच शहरात आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली ती तिथल्या कॅथे इमारतीत. त्याच इमारतीत ओझूचे वास्तव्य होते. चित्रपट पुरा झाला नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेल्यावर ओझूने संहिता आणि चित्रित फिती नष्ट केल्या. मायदेशी जाणाऱ्या पहिल्या बोटीत सर्वांना जागा नव्हती, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. ओझूचे नाव निघाले. पण घरच्या ओढीने व्याकूळ झालेल्या एका सहकाऱ्याला त्याने आपली जागा देऊन टाकली आणि स्वतः मागे राहिला. फेब्रुवारी १९४६ मध्ये तो जपानला पोहोचला. स्वतःसाठी काही मागण्याऐवजी दुसऱ्याला वाट करून देणारा सोमिया पडद्यावर येण्याआधी हे घडलेले आहे, एवढेच नोंदवतो.

आता आमच्या वक्त्यांच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. नोरिकोवर लग्न लादले गेले, हा तो आक्षेप. पाश्चात्त्य समीक्षकांतील एका वर्गालाही हा चित्रपट लग्नसंस्थेने केलेल्या एका मुलीच्या बळीची गोष्ट वाटतो. या मंडळींनी चित्रपट डोळे उघडे ठेवून पाहिला आहे का? मुलीने होकार दिल्यावर आनंदाने टाळ्या पिटणारा बाप यात नाही. तू नाइलाजाने तर हो म्हणत नाहीस ना, असे विचारणारा बाप आहे. तिची मैत्रीण आया ही घटस्फोटिता आहे, लघुलेखिका म्हणून स्वतःच्या पायावर उभी आहे, तिचे घर पाश्चात्त्य धाटणीचे आहे. कोणत्याही स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभावी अशी! आणि नोरिकोने लग्न करावे म्हणून तिच्यामागे लागणारी तीच आहे. बरे, हा चित्रपट ठरवून केलेल्या लग्नाची जाहिरात तरी आहे का? मियाईचा कार्यक्रम ओझू दाखवत नाही. लग्नसमारंभ दाखवत नाही. नवरदेव तर एकदाही दिसत नाही! दिसते ती वधूवेषातील मुलगी, बापापुढे वाकून इतक्या वर्षांच्या मायेबद्दल ऋण मानणारी. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये ओझूने ‘बाकुशू’ हा चित्रपट केला. त्यातही सेत्सुको हाराच नायिका आहे, नाव नोरिकोच आहे. पण ती घरच्यांनी आणलेले चांगले स्थळ बाजूला सारून एका मूल असलेल्या विधुराशी लग्न करण्याचे स्वतः ठरवते. घरचे दुखावतात आणि स्वीकारतातही. म्हणजे स्थळ कुणी आणले हा ओझूच्या लेखी कळीचा प्रश्न नव्हताच. मुले मोठी होतात तेव्हा दोन पिढ्या एकमेकींना काय देणे लागतात, हा त्याचा प्रश्न होता. ‘व्यक्ती विरुद्ध कुटुंब’ एवढी एकच तागडी ज्यांच्याजवळ आहे, त्यांना तो तोलता येणार नाही.

संमती हवी, हे आपल्याला अमेरिकेने शिकवण्याची आवश्यकता नाही. सावित्रीने सत्यवान स्वतः निवडला, नारदांनी त्याचे अल्पायुष्य सांगितल्यावरही ती ढळली नाही आणि अश्वपतीने अखेर मुलीचेच ऐकले. जपानच्या नव्या राज्यघटनेच्या २४ व्या कलमाने विवाह उभयतांच्या संमतीवर आधारला. ती घटना मे १९४७ मध्ये अमलात आली. तेथील स्त्रीला त्यातून जे मिळाले ते न्याय्यच होते. पण कायद्याने मुलीच्या संमतीला संरक्षण देणे वेगळे आणि बापाने मुलीची काळजी केल्याचे पडद्यावर दिसू नये अशी व्यवस्था करणे वेगळे. पहिली सुधारणा आहे, दुसरे सांस्कृतिक आक्रमण आहे.

राहिला तो खोटेपणाचा मुद्दा. बापाने मुलीला फसवले, हे खरेच आहे. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. तिने होकार दिला तो असत्यावर विसंबून. असा होकार कितपत मोकळा, असे कुणी विचारले तर त्याला गप्प करता येणार नाही. फक्त या खोट्याची किंमत कोण मोजतो तेही पाहावे. लग्नाच्या रात्री मद्यगृहात बसून सोमिया आयाला कबूल करतात की, तसे सांगितल्यावाचून ती गेली नसती आणि आयुष्यातील हे आपले सर्वांत मोठे खोटे होते. घर, सोबत, म्हातारपणाचा आधार, सगळे त्यांनी पणाला लावले, तेही मुलीला न कळता. सरंजामदार दुसऱ्याकडून त्याग वसूल करतो. इथे घरातील कर्ता पुरुष स्वतःच त्याग करून मोकळा होतो, आणि तरीही तो सरंजामी!

मेकॉलेच्या मानसपुत्रांना चार शब्द सुनावून हा लेख इथे संपवता आला असता. पण हा चित्रपट आपल्याही घरात डोकावतो. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणारे आपण, मुलीचे लग्न ठरवताना सोमियांइतके स्वतःचे काही पणाला लावतो का? वधू-वर सूचक संकेतस्थळांवर वार्षिक पॅकेजचे रकाने आधी पाहायचे, पत्रिकेतील गुणांची बेरीज करायची, मानपानाच्या नावाखाली देण्याघेण्याची बोलणी करायची आणि याला संस्कृती म्हणायचे, हे त्या अमेरिकन सेन्सॉरच्या तोंडी आयते कोलीत देण्यासारखे आहे. ज्या घरात मुलीला फक्त ‘हो’ म्हणण्याची मुभा असते, त्या घराने ‘बान्शुन’चा दाखला देऊ नये. आपल्यातही एखादा चित्रपट खटकला की कात्री मागायला धावणारे उत्साही कार्यकर्ते आहेत. मीही तारुण्यात दोन-चार निवेदनांवर सह्या केल्या आहेत. ओझूवर चाललेल्या कात्रीचा इतिहास वाचल्यापासून सही करताना हात थोडा थबकतो.

परकीय कात्रीला निदान बंदुकीचे पाठबळ होते. ओझूपुढे पर्याय नव्हता, तरी त्याने शब्द दिले आणि आशय राखला. आमच्या बुद्धिजीवींपुढे कुठली बंदूक आहे? १९४७ नंतर आपल्याला कुणी अडवले? तरीही साहित्य संमेलनाच्या परिसंवादापासून दूरचित्रवाणीच्या मालिकांपर्यंत आपल्याच रीतींचा उल्लेख खालच्या मानेने करायचा, हा परिपाठ सुरू आहे. तिकडे ओझू ‘अति जपानी’ आहे, परदेशात कुणाला कळणार नाही, अशा समजुतीने त्याचे चित्रपट बरीच वर्षे बाहेर गेलेच नाहीत. ‘बान्शुन’ अमेरिकेत प्रदर्शित झाला तो १९७२ मध्ये, ओझूच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी. पुढे २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वकालीन श्रेष्ठ चित्रपटांत तो पंधरावा ठरला. आपल्या मातीला चिकटून राहिलेला माणूसच जगाला कळला. कामाकुराच्या एन्गाकुजी या झेन मंदिराच्या आवारात त्याची समाधी आहे. तीवर नाव नाही, ‘मू’ हे एकच अक्षर आहे; म्हणजे काहीही नसणे. झेन हा आपल्या ‘ध्याना’चाच चीनमार्गे जपानला पोहोचलेला उच्चार. ‘शून्य’ ज्यांच्या कानांवर परंपरेनेच आले आहे, त्या आपल्याला ते अक्षर उलगडून सांगायला पाश्चात्त्य समीक्षक लागू नये.

त्या संध्याकाळी उठून उभ्या राहिलेल्या गृहस्थांचा प्रश्न सांगायचा राहिला. ते म्हणाले, ‘‘बाकी मला सिनेमातलं फारसं कळत नाही. पण लग्नाआधी मुलीला एवढं क्योतोला नेलं, देवळं दाखवली, मग तिला आईच्या समाधीवर का नाही नेलं? आपल्याकडे नेलं असतं.’’ सभागृहात थोडे हसू उमटले. वक्त्यांनी समजुतीच्या सुरात उत्तर दिले की, हीच तर ओझूची मितभाषी शैली, भावनेला वाव देणारे प्रसंग तो जाणीवपूर्वक गाळतो! गृहस्थ ‘‘असेल, असेल’’ म्हणून खाली बसले. तेव्हा खरे उत्तर मलाही ठाऊक नव्हते. त्यानंतरचा अर्धा तास ओझूचा कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर असतो, यावर रंगला.